तारीख, ठिकाण, नाव

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. लिहायला बसलो तर स्नेहसंमेलन, स्काउट, मधल्या सुट्टीतला समोसा सगळं बाजूला राहिलं आणि जीवशास्त्राच्या बाईच समोर आल्या. 1987च्या बॅचला कोणत्या बाई ते सांगायला नको.

बाईंचा नियम एकच. कागदावर चिकटवलेल्या रोपाखाली तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. नसलं तर "हा चारा आहे, गाईला घाला" म्हणत कागद परत!

एका श्रावणात त्यांनी आम्हाला गोरेवाड्याला नेलं होतं. तळ्याजवळच्या झुडपांत कळलावी फुलली होती. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक, कडा नागमोडी. आमच्यातल्या एका पोट्ट्यानं (आज बिल्डर आहे, नाव सांगत नाही) वेल कंदासकट उपटला. कंद विषारी, म्हणून बाईंनी आधी त्याचे हात धुवून घेतले. मग त्याच्याच हातून खड्डा करून कंद परत लावला आणि आम्हाला आसपासचे वेल मोजायला लावले. चारच निघाले. "मग आज कळलावी नाही," म्हणून बाई पुढे चालू लागल्या. आम्ही तरोटा घेऊन घरी आलो. ज्याची भाजी पावसाळाभर ताटात पडायची, त्याचा कागद करायचा म्हणजे तेव्हा अपमानच वाटला होता.

आज मी रानटी वनस्पतींच्या बीजपेढीत काम करतो. त्या दिवशी जेवढं बी पिकलेलं असेल, त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, हा आमच्या कामातला दंडक. मला तो नव्यानं शिकवावा लागला नाही. बी वाळवून ओल पाच-सहा टक्क्यांवर आणायची, फॉइलच्या पाकिटात बंद करायची आणि उणे 18-20 अंशांत ठेवायची. बहावा, खैर, तरोटा यांना हे मानवतं; बी वर्षानुवर्षं टिकतं.

मोहाचं तसं नाही. मोहाची बी पार वाळली की मेली. नुसती ठेवली तरी काही आठवड्यांत उगवणशक्ती जाते. मोह राखायचा तर रानात उभाच राखावा लागतो. आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसात, गारपिटीत त्याची फुलं झोडपली जातात. बी पडते ती पावसाच्या तोंडाशी आणि लगेच रुजते. पहिल्या सरींनंतर पावसानं ओढ दिली की कोवळी रोपं करपतात. शिवाय फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात रोपंही जातात. वेचणाऱ्या बाया तरी काय करतील, त्यांचा तो कमाईचा हंगाम. पण जुन्या मोहाखाली तरणा मोह दिसणं आता मुश्कील झालंय.

कोणतं झाड अलीकडे लवकर फुलतंय, कोणतं कुठून नाहीसं झालं, हे ताडायला जुन्या चिठ्ठ्याच लागतात, मग त्या शाळकरी पोरांच्या का असेनात. मागच्या पटांगणात जिथं आघाडा, गोखरू माजायचं, तिथं आता फरशा बसवून स्कूटरी लावतात. प्रयोगशाळा छान झाली म्हणे, पण मला ते पटांगण परत हवंय.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे कागद प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात होते. ते कपाट आता कोणत्या खोलीत आहे, हे कार्यालयानं कळवावं. वाळवी लागण्याआधी सगळ्या कागदांचे फोटो काढून द्यायला मी स्वखर्चानं येईन.