आधी प्रार्थनाघर, मग बुरूज: उत्तर वेल्समधले सोमवार

ख्रिस्ती मंडळीच्या सेवेसाठी उत्तर वेल्समध्ये राहायला आलं की रविवार उपासनेत जातो आणि मोकळा दिवस मिळतो तो सोमवारी. नकाशावर किल्ले इतके जवळजवळ दिसतात की एका दिवसात तीन उरकावेत असं वाटतं. आमचं सांगणं उलट आहे. एका सोमवारी एकच किल्ला, आणि आत शिरल्यावर सगळ्यात आधी त्यातलं प्रार्थनाघर शोधा. ते कुठे आहे आणि त्याला लागून कोण राहायचं हे कळलं, की बाकीचा किल्ला समजायला वेळ लागत नाही.

सुरुवात कॉन्वीपासून करा. वेल्स जिंकल्यावर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ मध्ये इथे काम सुरू केलं. चार वर्षांत बहुतेक बांधकाम झालं. किल्ला आणि गावाचा तट मिळून सुमारे १५,००० पौंड लागले. काम आल्प्समधल्या सव्हॉय प्रांतातून आणलेल्या सेंट जॉर्जच्या जेम्स या स्थापत्यकाराच्या हाताखाली चाललं. पण ही जागा रिकामी नव्हती. इथे सिस्टर्शियन संन्याशांचा अबरकॉन्वी मठ होता आणि वेल्सचा थोरला ल्हुवेलिन राजा तिथेच पुरलेला होता. एडवर्डने मठ नदीच्या वरच्या अंगाला माइनानला हलवला; मठाचं चर्च गावाचं चर्च झालं. ते आजही गावाच्या मधोमध उभं आहे आणि त्याच्या भिंतींत मठाच्या भिंतींचे भाग शिल्लक आहेत. आधी तिथे थोडा वेळ बसा, मग किल्ल्याकडे वळा.

कॉन्वीचं रेल्वे स्टेशन तटाच्या आतच आहे, पण गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. गाडीत बसल्याबरोबर गार्डला सांगून ठेवायचं. फलाट आखूड असल्यामुळे कुठल्या डब्यातून उतरायचं तेही त्याच वेळी विचारून घ्या. परतताना गाडी दिसली की फलाटावरून हात दाखवायचा. मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहिलात तर गाडी निघून जाईल.

किल्ल्याला आठ बुरूज, आणि मधल्या आडव्या भिंतीने दोन चौक पाडलेले. बाहेरचा शिबंदीचा, आतला राजाचा. आतल्या चौकाच्या चार बुरुजांवरच आणखी एकेक छोटा मनोरा आहे, त्यामुळे राजाचा वाडा कुठला हे लांबूनही ओळखता येतं. दोन चौकांच्या मधल्या दरवाजाजवळ २८ मीटर खोल विहीर आहे. प्रार्थनाघरंही दोन. बाहेरच्या चौकात लांबलचक दिवाणखान्याच्या पूर्व टोकाला एक. दुसरं राजाचं, ईशान्येच्या बुरुजात पहिल्या मजल्यावर. तिथे नीट थांबा. गोल बुरुजाच्या जाड भिंतीतच अर्धवर्तुळाकार गाभारा काढलाय, त्यात उभट अरुंद खिडक्या आणि भिंतीवर कमानींची ओळ. शेजारी भिंतीच्या जाडीतच एक चिमुकली खोली आहे, तिथे बसून राजाला आडोशाने उपासना ऐकता येई. एकाच देवापुढे गुडघे टेकायला दोन वेगळ्या जागा! किल्ल्याची सगळी मांडणी त्या दोन जागांत दिसते.

बाहेर आल्यावर बुरुजांच्या अंगावरची चौकोनी भोकं बघा. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला त्या मारा करायच्या जंग्या वाटतील, पण त्या जंग्या नव्हेत. परांचीचे वासे खोचायला ठेवलेली ती भोकं आहेत. आडव्या सरळ रांगा न धरता ती बुरुजाला वळसा घालत तिरपी वर चढतात, कारण परांची उताराची होती आणि दगड त्या उतारावरूनच वर नेत. ही सव्हॉयकडची पद्धत. एडवर्डच्याच हार्लेकच्या किल्ल्यालाही ती दिसते. दुपार कलताना ऊन तिरपं पडलं की भोकं उठून दिसतात.

जिने गोल आणि अरुंद आहेत. पायरी आतल्या खांबाकडे निमुळती होत जाते, म्हणून पाय नेहमी बाहेरच्या रुंद अंगाला टाका, एक हात दोरीवर किंवा कठड्यावर. वरून कुणी उतरत असेल तर खालीच थांबा. मधे गाठ पडली तर एकाला निमुळत्या बाजूला जावं लागतं, आणि पाय घसरतो तो तिथेच. पावसात पायऱ्या शेवाळतात, चामडी तळाचे बूट नकोत. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो; टोपीचा रेनकोट घ्या. वारा फार असला तर बुरूज बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. हिवाळ्यात किल्ला दुपारी ४ ला बंद होतो आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी.

गावाच्या तटावर फिरायला तिकीट नाही. सव्वा किलोमीटरच्या वर लांबी, २१ बुरूज, आणि बुरुजांची गावाकडची बाजू उघडी. त्या उघड्या बाजूने चालायला टाकलेल्या फळ्या काढून घेतल्या की चढून आलेला शत्रू दोन बुरुजांच्या मधे अडकायचा. दक्षिणेच्या बाजूला तटाबाहेर जाऊन वर पाहिलंत तर एका ओळीत १२ शौचकूप पुढे काढलेले दिसतील. आपल्या सिंधुदुर्गच्या तटातले शौचकूप आठवतात.

पुढच्या सोमवारी ब्युमॅरिस, बँगोरहून बसने. १२९५ मध्ये सुरू झालेला आणि अपुराच राहिलेला, तटात तट असलेला किल्ला. त्याच्या प्रार्थनाघराचं दगडी छत अजून शाबूत आहे. हार्लेकचं स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशी, पण चढ दमवणारा. कारनार्वनला अख्खा दिवस लागतो. हे सगळे किल्ले कादू ही सरकारी संस्था सांभाळते. वेल्शमध्ये या शब्दाचा अर्थच ‘राखणं’. तिचा तीन दिवसांचा पास सात दिवसांत वापरून संपवावा लागतो, तो आठवड्याला एकच सुट्टी असणाऱ्याच्या कामाचा नाही. वर्षभर राहणार असाल तर सरळ सदस्यत्व घ्या.

एक गोष्ट जपा. मंडळीतल्या वेल्श माणसांसमोर एडवर्डच्या बांधकामाचं तोंडभरून कौतुक करू नका. हे त्यांना जिंकणाऱ्याचे किल्ले आहेत. त्यांच्या स्वतःच्या राजाचा किल्ला बघायचा तर कास्तेल अ बेरेला जा. थोरल्या ल्हुवेलिनने तो १२२१ मध्ये बांधायला घेतला आणि १२८३ च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. आता खडकावर भिंतींचे अवशेष तेवढे उरलेत. तिकीट नाही, दुकान नाही, शौचालयही नाही. पाणी आणि डबा बरोबर घ्या. टिविन गावाहून छोट्या रुळांची तालिल्हिन रेल्वे अबरगिनोल्विनपर्यंत जाते, पण बाराही महिने नाही. तिथून पुढे सुमारे ५ किलोमीटर चालायचं.

त्याच दरीत, किल्ल्यापासून थोडं पुढे, मेरी जोन्सच्या घराच्या पडक्या भिंती आणि त्यात उभारलेला स्मारकस्तंभ आहे. पंधराएक वर्षांची ही मुलगी १८०० मध्ये वेल्श बायबल घ्यायला इथून सुमारे ४० किलोमीटर चालत बालाला गेली. त्यानंतर चार वर्षांनी, १८०४ मध्ये, लंडनला बायबल सोसायटी स्थापन झाली. भिंतींच्या आत बसायला जागा आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे तिथून घाईने उठावं लागणार नाही.