झोपायला आलेले डॉल्फिन आणि ल मोर्नचा किनारा

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं ठरलं आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने सगळ्यांच्या आधी आपली मागणी नोंदवली. डॉल्फिनबरोबर पोहायचं आणि त्याला हात लावायचा. सासूबाईंना बोट लागते, म्हणून त्यांना सावलीतला निवांत किनारा हवा होता. नवऱ्याला दिवसभर पाण्यात डुंबायचं होतं. हे तिन्ही एकाच दिवसात बसवायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला ते सोपं वाटलं. पश्चिम किनाऱ्यावर अशा सहली रोज निघतात. सकाळी स्पीडबोटीने तामारॅंच्या उपसागरात डॉल्फिन, मग लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ समुद्रातून, वर डोकावणारा क्रिस्टल रॉक हा खडक, नंतर इल ओ बेनितिए नावाच्या छोट्या बेटावर जेवण आणि समुद्रस्नान. मी पहिला दिसला तो बोटवाला पक्का केला, थोडी आगाऊ रक्कमही भरली. दोन दिवसांनी सहज विचारलं की पोहण्याचं नेमकं कसं असतं? उत्तर आलं, ‘पोहायला मिळणारच, गॅरंटी. कळप दिसला की बोट त्यांच्या पुढे नेतो आणि तुम्हाला पाण्यात सोडतो. ते निघून गेले की पुन्हा पुढे जातो.’

‘पुन्हा पुढे जातो’ हे शब्द मला खटकले. त्या रात्री मी डॉल्फिनबद्दल वाचायला बसले आणि झोपायला दोन वाजले.

तामारॅंला सकाळी दिसणारे बरेचसे डॉल्फिन स्पिनर जातीचे. सडपातळ अंग, लांब निमुळतं तोंड, पाठ गडद राखाडी, कुशी फिकट आणि पोट पांढरं. हवेत उडी मारून स्वतःभोवती गिरक्या घेतात म्हणून हे नाव. त्यांचा दिवस आपल्या उलटा असतो. खोल समुद्रातले छोटे मासे आणि माकूळ रात्री वरच्या पाण्यात येतात, तेव्हा हे रात्रभर शिकार करतात. पहाट झाली की किनाऱ्याजवळच्या उथळ, वाळूच्या तळाच्या उपसागरात येतात, ते विश्रांतीसाठी. पांढऱ्या वाळूवर शार्क आला तर लांबून दिसतो. त्यांची झोपही वेगळी. एका वेळी अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो, एक डोळा मिटलेला आणि एक उघडा. पोहणं थांबत नाही, कारण श्वासासाठी वर यावंच लागतं.

म्हणजे आपण सकाळी सात वाजता ज्यांच्यासमोर उड्या मारणार, ते रात्रपाळी करून नुकते घरी आलेले असतात. रोज सकाळी कोणी ना कोणी त्यांना उठवलं तर त्यांची झोप कधी पुरी होणार? हवाईमध्ये याच जातीसाठी अमेरिकेने 2021 साली नियम केला. किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या 50 यार्डांहून जवळ पोहायचं नाही, बोटही न्यायची नाही. एका सरकारला कायदा करावासा वाटला, यावरून प्रश्न किती गंभीर आहे ते मला कळलं.

दुसरा पर्याय माझ्याही मनात येऊन गेला होता. जगात बऱ्याच ठिकाणी तलावात ठेवलेल्या डॉल्फिनला हात लावू देतात, पापा घेऊ देतात, फोटो काढून देतात. लेकीची मागणी तिथे अक्षरशः पुरी झाली असती. पण आपल्या देशाने 2013 मध्येच डॉल्फिनचे असे खेळ आणि तलाव उभारायला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं आहे, आणि रात्रभर मैलोन्मैल फिरणाऱ्या प्राण्याला तलावात पाहायची माझी तयारी नव्हती.

लेकीला सांगणं सगळ्यात अवघड होतं. ती रडली. ‘आई, मी त्यांना त्रास देणार नाहीये, मी फक्त हळूच हात लावणार.’ मी तिला अर्ध्या मेंदूच्या झोपेचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, ‘मग ते मला एका डोळ्याने बघतील?’ मी म्हटलं, बघतील बहुतेक. ‘मग मी बोटीतच बसते,’ ती म्हणाली. तिने हे इतक्या लवकर मान्य केलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पहिलं बुकिंग रद्द केलं. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. मग नवा बोटवाला शोधताना आधी प्रश्न विचारले, पैशाचं नंतर. तुमच्याकडे तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना आहे का? बोटीत किती माणसं घेता? मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, की मोठ्यांचंच बांधता? डोक्यावर छत आहे का? समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस? आणि शेवटी माझा खरा प्रश्न. कळपाभोवती आधीच पाच-सहा बोटी असतील तर तुम्ही काय करता? बहुतेकांनी लिहिलं, ‘काळजी नको, आपण जवळ जाऊ.’ एकाने लिहिलं, ‘थांबतो. इंजिन बंद करतो. ते आले तर आले, नाही आले तर नाही.’ मी त्याच्याकडे नाव नोंदवलं. तुम्हीही असं काही ठरवत असाल तर हा एक प्रश्न जरूर विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

वेळेचं गणित मात्र आमच्या बाजूने होतं. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथे सहाला उठणारं पोर तिथे साडेचारलाच टक्क जागं होतं. म्हणून डॉल्फिनचा दिवस मी सहलीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवला. तीन-चार दिवस गेले की शरीर तिथल्या वेळेला सरावतं आणि मग पहाटे मुलांना उठवणं जड जातं. राहायची जागाही बदलली. आधी उत्तरेला ग्रां बे ठरलं होतं, पण तिथून बोट सुटते त्या ब्लॅक रिव्हरला पहाटे पोहोचायचं म्हणजे तास-सव्वा तासाचा प्रवास. पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला खोली घेतल्यावर तोच प्रवास अर्ध्या तासावर आला. शिवाय तिथल्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. सासूबाई पहिल्या संध्याकाळी त्यांच्या सावलीत बसून म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपल्या कोकणासारखंच आहे.’

ऋतूचंही पाहिलं होतं. चक्रीवादळांचा मुख्य धोका जानेवारी ते मार्च. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवा कोरडी, पाणी कोमट होत आलेलं. वारे बहुतेक आग्नेयेकडून येतात, त्यामुळे डोंगरांच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा सकाळी शांत असतो. दिवस चढला की वारा उठतो. म्हणून क्रम ठरला, आधी बोट आणि मग किनारा. उलट करण्यात अर्थ नव्हता.

पहाटे न्यायला आलेला टॅक्सीवाला आडनावाने मराठी आणि बोलायला क्रेओल, म्हणजे तिथली बोलभाषा. त्याचे पूर्वज कोकणातून आलेले. मराठी त्याला थोडी समजत होती. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्याच्या घरी अजून झाकडी, म्हणजे आपलं कोकणातलं जाखडी नृत्य, होते, हे त्याने सासूबाईंना मोडक्या मराठीत सांगितलं आणि तेवढ्या वाटेत दोघांची चांगली गट्टी जमली. सासूबाईंनी निघण्याआधी गोळी घेतली होती, डबीत आलेपाक होता. खरं तर त्या किनाऱ्यावरच थांबणार होत्या. पण बोट पाहून म्हणाल्या, ‘एवढं आलेय तर बघू.’ त्यांना बोटीच्या मागच्या बाजूला मधोमध बसवलं, कारण पुढे हेलकावे जास्त, आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगितलं. फोनमध्ये बघणं बंद. त्यांना काही त्रास झाला नाही.

तामारॅंच्या तोंडाशी नद्यांचं गोडं पाणी येतं, म्हणून तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि उपसागर थेट समुद्राला उघडा. आम्ही पोहोचलो तेव्हा डाव्या हाताला सहा बोटी एका ठिकाणी गोळा झालेल्या दिसल्या. माणसं पाण्यात पडत होती, पुन्हा वर चढत होती, बोटी वळसा घालून पुढे जात होत्या. आमच्या नाखव्याने तिकडे एकदा पाहिलं आणि बोट उलट्या बाजूला, किनाऱ्याकडे नेली. इंजिन बंद केलं. आपल्या मदतनीस पोराला तो म्हणाला, ‘दुस्मां, दुस्मां.’ म्हणजे हळू, हळू.

वीस मिनिटं काहीच नाही. पाणी बोटीच्या बुडाला चुबकचुबक लागत होतं. लेक काठावर हनुवटी टेकून बसली होती. मला वाटायला लागलं, इतकं सगळं ठरवून हिच्या हाती काहीच लागणार नाही.

मग आवाज आला. आधी आवाजच. कुकरची शिट्टी पडण्याआधी वाफ सुटते तसा, फुस्स, आणि लगोलग आणखी चार-पाच. वीस-पंचवीस हातांवर पाठी वर आल्या. सगळ्या एकदम. श्वास घेतला, एकदम खाली. उडी नाही, गिरकी नाही. मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा, थोड्या पुढे, तशाच एकमेकींना चिकटून. मधे एक पिल्लू होतं, आईच्या कुशीला इतकं लागून की दोन पाठी म्हणजे एकच वाटावी. त्याचा श्वास आईच्या श्वासानंतर अर्ध्या क्षणाने यायचा, बारीक आवाजात. पाणी इतकं नितळ की बोटीच्या अलीकडून जाताना त्यांची फिकट कूस आणि पाठीवरचे जुने ओरखडेही दिसले. एक जण किंचित कलला. त्याचा डोळा वर होता.

लेक कुजबुजली, ‘आजी, उघडा आहे.’

सासूबाईंनी तिचा हात धरला. कोणी फोटो काढला नाही. मी कॅमेरा गळ्यात अडकवून आले होते, तो तसाच राहिला. कळप आमच्या बाजूने पुढे सरकला आणि दूर वाळूच्या पट्ट्याकडे गेला. एकूण सात-आठ मिनिटं. नाखव्याने मागे जायचं नाव काढलं नाही, आम्हीही नाही. नऊच्या सुमारास आम्ही धक्क्यावर परत आलो होतो.

बेटावरचा बेत मी आधीच गाळला होता. त्याच वेळी सगळ्या सहलींच्या बोटी तिथे लागतात आणि ज्येष्ठांना बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. त्याऐवजी टॅक्सीने ल मोर्नला गेलो. 556 मीटरचा तो काळा कातळ थेट समुद्रावर उभा आहे. पळून आलेले गुलाम याच कड्यांवर लपून राहत. मॉरिशसमधली गुलामगिरी 1835 मध्ये संपली आणि 2008 पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. खाली दगडी शिल्पांची एक बाग आहे. आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. किनाऱ्यावर पसरण्याआधी ते पाहिलं, हे बरं झालं.

ल मोर्नच्या टोकाला, दक्षिणेकडे, वारा जोरात असतो आणि पतंगाला बांधून लाटांवर धावणाऱ्यांची तिथे गर्दी. आम्ही डोंगराच्या आडोशाला, सुरूच्या झाडांखाली सतरंजी टाकली. दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, सावली पायाशीच राहते, म्हणून झाड मोठं पाहून निवडलं आणि अकरा ते दोन कोणालाही पाण्यात जाऊ दिलं नाही. मुलीला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. पाण्यात उतरताना सगळ्यांच्या पायात रबरी बूट, कारण तळाशी समुद्री अर्चिन असतात, त्यांचे काटे तुटून तळव्यात राहतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो. प्रवाळाच्या भिंतीत जिथे फट आहे तिथे ओढ असते, त्या बाजूला फिरकायचं नाही, हे नवऱ्याला दोनदा बजावलं. बाकी लगून म्हणजे संथ तळं. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. मुंबईच्या चार-साडेचार मीटरची सवय असलेल्या माणसाला समुद्र हललाच नाही असं वाटतं.

दुपारी गाडीवरची गरम दालपुरी खाल्ली. सासूबाई झोपल्या.

तीनच्या पुढे ऊन कललं तेव्हा लेक पाण्यात गेली. कमरेएवढ्या पाण्यात उताणी तरंगत होती, हात पसरून, अगदी न हलता. मी जवळ गेले तर तिने बोट ओठांवर ठेवलं. तिचा एक डोळा घट्ट मिटलेला होता आणि दुसरा माझ्याकडे पाहत होता.