आधी गोंगाट काढला, मग अँटेना चढवली

रेडिओचं रिसेप्शन सुधारायचं म्हटलं की पहिला सल्ला हमखास मिळतो, 'अॅम्प्लिफायर लाव.' मी त्याच्या उलट बाजूने सुरुवात केली आणि तेच कामी आलं. अॅम्प्लिफायर सिग्नल वाढवतो तशी खरखरही वाढवतो. इंदूरला रामबागेत आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. इथे सिग्नल दाबून टाकतो तो घराघरातल्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट, आणि तो कमी करायला फारसा खर्च येत नाही.

मला ऐकायचं होतं ते मोजकंच: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधलं हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० वर येणारे आवाज. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे आहे. पोलिसांचं किंवा इतर कुणाचं खासगी संभाषण ऐकायच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये, आपल्याकडे ते कायद्यात बसत नाही. साधनं दोन: हातात मावणारा स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकवणारा रेडिओ, आणि लॅपटॉपला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपचाच रेडिओ करणारी यूएसबी कांडी. स्कॅनरबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना प्रत्येक बँडवर थोडीथोडी चालते, नीट अशी कुठेच नाही.

एका दुपारी आईला आधी सांगून ठेवलं की तासभर लाइट जात-येत राहील. लॅपटॉप बॅटरीवर घेतला, स्क्रीनवर १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उघडला (त्यात सिग्नलचा जोर रंगांत दिसतो) आणि मेन स्विच पाडला. पट्ट्यावर पसरलेला पिवळा धुरळा त्या क्षणी खाली बसला आणि मागचा गडद निळा दिसू लागला. म्हणजे गोंगाटाचा मोठा वाटा आमच्याच घरातला होता. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. जिन्याचा चालू केला की धुरळा परत. तिथे एक स्वस्तातला एलईडी बल्ब होता. खात्री करायला जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी ठेवला आणि घरभर फिरवला. बल्बजवळ नेला की भर्रऽऽ, लांब नेला की शांत. तसाच दुसरा सापडला सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर. बल्ब बदलला. अॅडॅप्टरच्या वायरीला फेराइटच्या, म्हणजे वायरीतला गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या, कड्यातून चार-पाच वेढे दिले. डोंगलही लॅपटॉपला थेट न लावता छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनने लांब नेला, कारण लॅपटॉप स्वतःही बराच आवाज करतो. एक गोंगाट तेवढा राहिला, शेजारच्या गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा. तो सूर्य मावळला की थांबतो, म्हणून निवांत ऐकायचं ते रात्री.

आता अँटेना. बाजारात तयार मिळतात, पण एकाच बँडसाठी हवी असेल तर घरी करणं मला जास्त पटतं, कारण लांबीचं गणित अगदी सरळ आहे. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण २.०७ मीटर. तिचा चौथा हिस्सा काढून पाच टक्के कमी केले की ४९ सेंटिमीटर येतात. सियागंजातून गॅस वेल्डिंगच्या पितळी कांड्या आणल्या आणि महाराणी रोडवरून चौकोनी पट्टीचं एसओ-२३९ सॉकेट, ज्यात अँटेनाची केबल जोडतात. ४९ सेंटिमीटरची एक कांडी सॉकेटच्या मधल्या पिनेत उभी डागली. पट्टीच्या चार भोकांत तिच्यापेक्षा थोड्या लांब चार कांड्या अडकवून ४५ अंशांत खाली वाकवल्या. हा उतार दिखाऊपणासाठी नाही. खालच्या कांड्या आडव्या ठेवल्या तर इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली झुकवल्या की रेडिओला हव्या असलेल्या ५० च्या जवळ येतो. पितळेला कथील धरायला वेळ लागतो. कांडी आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, सोल्डरिंग गन मोठ्या वॉटची घ्यायची, आणि डाग पूर्ण गार होईपर्यंत कांडी हलू द्यायची नाही.

आमची गच्ची काकांच्या वाट्याला आहे.

"काका, टाकीच्या स्टँडला एक पीव्हीसी पाइप बांधू का? वर छोटी अँटेना बसवायची आहे."

"बांध की. पण काकूच्या पापडांवर सावली नको, आणि विजेच्या तारांपासून लांब."

दुसरी अट तर सगळ्यांनीच पाळावी. पाइप किंवा अँटेना निसटून पडली तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर हवंच.

केबलकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. गच्चीपासून माझ्या खोलीपर्यंत पंधरा मीटर लागणार होती. रेडिओसाठी नेहमी वापरतात त्या साध्या आरजी-५८ केबलमध्ये एवढ्या अंतरात या फ्रिक्वेन्सीला सुमारे तीन डेसिबल जातात, म्हणजे वर पकडलेल्यातलं निम्मंच खाली पोचतं. डिश टीव्हीची आरजी-६ ७५ ओहमची असते, म्हणून बरेच जण ती टाळतात. फक्त ऐकण्यापुरतं पाहिलं तर ५० आणि ७५ च्या विसंगतीत एक पंचमांश डेसिबलही जात नाही, आणि केबलमधला तोटा आरजी-५८ च्या निम्म्याच्या आसपास येतो. मी आरजी-६ च घातली. वरचा जोड रबर टेपने ताणून गुंडाळला आणि खिडकीबाहेर केबलला झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोलातून ठिबकतं, खोलीत येत नाही. मृगाचे ढग जमले की केबल सेटमधून काढून बाहेर टांगून ठेवतो.

अँटेना वर गेल्यावर नवा प्रश्न आला: डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, वाढवला की मधेच गाणी वाजायची. शहरातल्या एफएम स्टेशनांचा जोर इतका की डोंगल आतल्या आत भरून वाहतो. सिग्नलचे आकडे करणारा त्याचा कन्व्हर्टर आठच बिटांचा, म्हणजे कमी बारकाव्याचा आहे, दांडगा सिग्नल शेजारी असेल तर बारीक सिग्नलला जागाच उरत नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर डोंगलच्या आधी लावला आणि गाणी गेली. अॅम्प्लिफायर अजून घेतलेला नाही. केबल आणखी लांब असती तर घेतला असता, पण तोही वर अँटेनाशी लावायला. खाली सेटपाशी लावून केबलमध्ये गेलेलं परत मिळत नाही.

मग अवकाश स्थानकाचा एक चांगला पास, म्हणजे आमच्या आकाशातून जाणारी फेरी, मिळाला. स्थानक जवळ येताना डॉप्लरमुळे, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी बदलल्यासारखी दिसते त्यामुळे, सिग्नल साडेतीन किलोहर्ट्झ वर दिसतो आणि दूर जाताना तेवढाच खाली सरकतो. त्या दिवसांत तिथून चित्रं पाठवली जात होती. सुरेल चिवचिवाट सुरू झाला आणि स्क्रीनवर ओळीमागून ओळ उतरू लागली. या पद्धतीत एका चित्राला दोन मिनिटं लागतात. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली आणि चित्र पुरं होईस्तोवर उठली नाही. मधल्या काही ओळी खरखरीत आल्या, कारण स्थानक अगदी डोक्यावर आलं की उभ्या अँटेनाला ते नीट दिसत नाही. त्यासाठी १२० अंशांत उघडलेली आडवी व्ही-डायपोल, म्हणजे दोन कांड्यांची व्ही आकाराची अँटेना, करायला घेतली आहे. कांड्या कापून झाल्या, काकांना टाकीची दुसरी बाजू मागायची तेवढी बाकी आहे.