शिक्षण सुटलंय, आता काय करू असं विचारणाऱ्या पोरांसाठी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला गावाकडून फोन यायला लागतात. फोन पोराचा नसतोच, त्याच्या मामाचा नाहीतर चुलत्याचा असतो, आणि पोरगं शेजारी गप उभं आहे हे आवाजावरूनच कळतं. "अरे ह्याचं कायतरी बघ की, दहावी झालीय, बारावी राहिली, तुझ्यासारखं कुठंतरी चिकटव." तुझ्यासारखं म्हणजे काय, तर मी पण दहावी पास, बारावी सायन्सला आपटलेला, आणि आज पुण्यात एसी-फ्रीजच्या कामात घर चालेल एवढं कमावतोय. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी एक सांगतो, "तुला आवड कशात आहे" हा प्रश्न पोरांना विचारणं बंद करा. वीस वर्षांच्या पोरानं बघितलंय काय, तर शेती, वडाप, मोबाईलचं दुकान आणि भरतीची अॅकॅडमी. जे कधी बघितलंच नाही त्याची आवड येणार कुठनं? मला एसीची आवड बिवड काही नव्हती, आमच्या घरातला पंखा फिरायच्या आधी दोन मिनिटं विचार करायचा. आवड काम हातात बसल्यावर येते, आणि कधी कधी नाही पण येत, तरी पगार येतो, ते पण चालतं.

दुसरं म्हणजे भरती. आमच्याकडं दहावी झालेली कितीतरी पोरं पहाटे उठून सोळाशे मीटर पळतात, अॅकॅडमीची फी भरतात, मेसचे पैसे भरतात, आणि पोलीस शिपायाला बारावी पास लागते हे त्यांना माहिती असतं पण "तोपर्यंत निघंल की" असं म्हणून बारावीचं पुस्तक कुणी उघडत नाही. मैदान ५० मार्काचं आणि लेखी १०० मार्काची. पळण्याला माझा विरोध नाही, पण जाहिरातीतला पात्रतेचा रकाना आधी वाचायचा आणि मग बूट घ्यायचे.

माझं म्हणाल तर मी आधी चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. ठेकेदाराच्या ऑफिसात आधार कार्ड आणि दोन फोटो दिले, दुसऱ्या दिवशी लाईनवर. पार्ट उचलायचा, जिगमध्ये (पार्ट पकडून ठेवायच्या साच्यात) लावायचा, बटण दाबायचं, काढायचा, ट्रेमध्ये टाकायचा. काही महिने झाले की ब्रेक देतात आणि मग पुन्हा नवीन ठेकेदार, पुन्हा नवीन कार्ड. हे काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे आणि आईला त्याचा आधार व्हायचा. फक्त असं, की दोन वर्षं काढली तरी तुम्हाला पहिल्या दिवशी येत होतं तेवढंच येतं. तिथं असाल तर एवढं तरी करा, पीएफचा यूएएन नंबर (कंपनी बदलली तरी तोच राहणारा पीएफ खात्याचा नंबर) मागून घ्या, आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) नाव आहे का बघा, कारण पगारातनं कापतात आणि पोरांना त्याचा पत्ता नसतो.

एसीत आलो ते रूम पार्टनरमुळं. त्याचा भाऊ सर्व्हिसिंगची कामं घ्यायचा, सीझनला हेल्पर कमी पडायचे. मार्च ते जून ह्या लाईनमध्ये माणूस मिळत नाही, दोन हात असले तरी बोलवतात. शिकायला घुसायचं असेल तर हाच टाईम, पावसाळ्यात जाऊन विचारलं तर कोण उभं करत नाही. पैसे कमी होते, चाकणपेक्षा बरेच कमी, आणि जेट पंपानं एसीचा घरातला भाग, म्हणजे इनडोअर, धुताना अंगावर जे काळं पाणी पडतं त्याबद्दल न बोललेलं बरं.

पण इथं रोज काहीतरी नवीन हातात यायचं. फ्लेअर मारायला, म्हणजे जोडणीसाठी पाईपचं तोंड पसरवायला, शिकलो तो दिवस आठवतो. तांब्याचा पाईप कटरनं कापायचा, घाई केली की तोंड चेंबतं, मग रीमरनं आतली धार काढायची, काढताना पाईपचं तोंड खाली धरायचं म्हणजे बुरा आत जात नाही, मग नट आधी पाईपात सरकवायचा (नवीन पोरगं हमखास हे विसरतं, फ्लेअर मस्त होते आणि नट बाहेर टेबलावर!), मग ब्लॉकमध्ये पकडून टूलचा शंकूसारखा कोन हळूहळू फिरवत तोंडात घालायचा. तोंड गोल, गुळगुळीत, चकाकतं आलं पाहिजे, केसाएवढी चीर असली तरी कापून परत. आमचे सीनियर उत्तर प्रदेशचे, सगळे त्यांना भाई म्हणायचे, ते बोलायचे काही नाहीत, नुसतं बोट फिरवून बघायचे आणि पाईप परत माझ्या हातात द्यायचे. ज्या दिवशी परत दिला नाही त्या दिवशी मी रूमवर चिकन आणलं.

आता कागदाचं. इथंच सगळे गोंधळ करतात. घरचे म्हणतात आधी कायतरी शिक्षण पूर्ण कर, मग काम बघू, आणि पोरगं कुठल्या तरी बीएला नाव घालून तीन वर्षं नुसतं फिरतं. माझं म्हणणं उलटं आहे, आधी कुठल्यातरी कामात शीर, सहा महिने त्या लाईनमधल्या माणसांच्यात ऊठबस कर, मग कळतं की इथं नेमका कुठला कागद मागतात, आणि तेवढाच कागद काढ. घरगुती सर्व्हिसिंगला मला कोणी मार्कशीट विचारली नाही. पण हॉस्पिटल, हॉटेल, मोठ्या आयटी बिल्डिंगचा चिलर प्लांट (अख्खी बिल्डिंग थंड करणारी मशिनरी), तिथं गेटवरच विचारतात, आयटीआय आहे का? नाही म्हटलं की हेल्पर. म्हणून मी आयटीआय केला, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, दोन वर्षांचा ट्रेड, आणि तो पण तेविसाव्या वर्षी. आयटीआयला वयाची वरची अट नाही, हे अर्ध्या लोकांना माहितीच नसतं, त्यांना वाटतं दहावीनंतर लगेच नाही गेलं तर संपलं. वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं मला काका म्हणायची. पण ब्रेझिंगच्या (तांब्याचे पाईप तापवून जोडायच्या) प्रॅक्टिकलला सर मलाच पुढं करायचे, आणि तेव्हा काका म्हणणारी तीच पोरं "दादा, जरा दाखवा ना" करत यायची. हजेरीचं मात्र कडक असतं, त्यामुळं कामं दुपारनंतर आणि रविवारी. त्या दोन वर्षांत पैशाची ओढाताण खूप झाली, खोटं कशाला सांगू.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करता येते, १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे त्याखाली, स्टायपेंड मिळतो, कमी असतो पण कंपनीची मशिनरी हाताखाली येते. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय एवढ्यावर पॉलिटेक्निकच्या डायरेक्ट सेकंड इयरला पण अर्ज करता येतो. आणि ज्यांना बारावीच लागते, म्हणजे भरतीवाले, नर्सिंगला जाणाऱ्या पोरी, त्यांच्यासाठी रस्ता वेगळा. माझी चुलत बहीण दहावीनंतर घरीच बसवलेली, ती साताऱ्याला एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागली, मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्सची बारावी काढली, कारण एएनएम ह्या नर्सिंगच्या कोर्सला बारावी पाहिजे हे तिला क्लिनिकमध्ये येणाऱ्या एका सिस्टरनं सांगितलं. घरी बसून राहिली असती तर हे तिला सांगितलं कुणी असतं? आणि आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, तरी आमच्या ट्रेडला एकच मुलगी होती. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ होता.

पैसे घेऊन "१०० टक्के जॉब गॅरंटी" देणाऱ्या क्लासेसबद्दल एवढंच, की फी भरायच्या आधी विचारा सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, सरकारमान्य संस्थेचं की नुसतं क्लासच्या नावाचं. आमच्या ओळखीच्या एकानं चाळीस हजार भरले, फ्रेम करून लावण्यासारखा कागद मिळाला, कंपनीनं बघून बाजूला ठेवला. उलट आमच्या लाईनमध्ये सरकारी ट्रेनिंग फुकट झालेली आहेत, ओझोनला मारक असलेला एसीतला आर-२२ गॅस २०३० पर्यंत बंद करायचाय म्हणून टेक्निशियन लोकांना नवीन गॅस कसे हाताळायचे ते शिकवतात. त्या नवीन गॅसपैकी आर-३२ पेट घेऊ शकतो, तो जुन्या सवयीनं हाताळला तर जीवावर बेतेल. हे शिकायला बारावी लागत नाही, फक्त लाईनमध्ये असावं लागतं म्हणजे बातमी कानावर येते.

तर ह्या वर्षीच्या पोरांनो, मामाला फोन करायला लावू नका, स्वतः करा. आणि आयटीआयचा फॉर्म भरायचा असेल तर एक काम लगेच उरकून घ्या. ज्युनियर कॉलेजात अडकलेला कॉलेज सोडल्याचा दाखला काढून आणा, फी बाकी असेल तर किती ते विचारा आणि हप्ते मागा. प्रवेशाच्या वेळी ओरिजिनल दाखला लागतो, आणि कॉलेजातला क्लार्क सुट्टीवर जायचा मुहूर्त नेमका तेव्हाच असतो.