शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर : पुतळ्यापाशी थांबू नका, उन्हात जाऊ नका

'पुतळा बघायचा, फोटो काढायचा, तासाभरात मोकळं,' असं मला ज्यांनी सांगितलं त्यांनी विद्यापीठ पाहिलेलंच नाही. आवार 853 एकरांचं आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा, तोही सकाळचा.

आधी रिक्षाचं. स्टँडपासून अंतर चार-पाच किलोमीटर. माझ्याकडून तीनशे रुपये घेतले आणि सायबर चौकात उतरवलं. "हे काय, समोरच हाय की!" समोर काही नव्हतं, चढाचा रस्ता होता. येताना दुसऱ्या रिक्षावाल्यानं मीटर टाकून शंभरच्या आत आणून सोडलं. बसण्याआधीच 'मेन गेटच्या आत, पुतळ्यापर्यंत' असं ठरवून घ्या. ऐकत नसेल तर सरळ केएमटी, म्हणजे महापालिकेची बस पकडा.

मुख्य इमारतीपुढचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1974 सालचा. तो भव्य आहेच, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. खरं विद्यापीठ त्याच्या मागे सुरू होतं आणि खरा त्रासही. विभाग एकमेकांपासून लांब लांब. झाडी भरपूर, पण मधले पट्टे उघडे. एप्रिलच्या दुपारी डांबराची धग चपलेतून तळव्याला लागत होती आणि बाटली केव्हाच संपली होती. दोन लिटर पाणी नसेल तर या रस्त्याला लागूच नका.

पण त्या चालण्यातच या जागेचं मोल कळतं. हा सागरमाळ, म्हणजे उघडं माळरान. आज इथे तळी आहेत, विहिरी आहेत, पावसाचं पाणी अडवलेलं आहे. 1962 मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा राजाराम कॉलेज ऐंशी वर्षांहून जुनं होतं, तरी पदवी आधी मुंबई विद्यापीठाची आणि नंतर पुणे विद्यापीठाची. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना हे चित्र पालटलं. पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार हे इतिहासकार. ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन करणारे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या पोराला हाकेच्या अंतरावर विद्यापीठ मिळालं. 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं इथे काम करून शिकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेला हा विचार. माझ्या मते या विद्यापीठाची सगळ्यात मोठी कमाई तीच. इमारती नंतर.

वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय चुकवलंत तर फेरी फुकट गेली म्हणा. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेलेला लेखक मजकूर सांगून लिहवून घेत होता, हे मनात ठेवून आत जा. मी पोचलो तेव्हा पाय इतके दुखत होते की धड उभं राहवत नव्हतं, तरी लवकर निघवेना. म्हणून पहिल्यांदा तिथेच जा, पुतळा परत जाताना बघा. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका आणि जेवणाच्या सुट्टीआधी आत शिरा.