लॉट रिजेक्ट केला आणि नोकरी लागली

रविवार, रात्री पावणेअकरा

सकाळी धड डोळे उघडले नव्हते आणि लिंक्डइनवर मेसेज. "हॅलो मॅडम, तुमच्या कंपनीत क्वालिटीला ओपनिंग असेल तर रेफर करा ना प्लीज", खाली रेझ्युमेची पीडीएफ. मुलगा ओळखीचा नाही, नाव कधी ऐकलेलं नाही, डिप्लोमा सांगलीचा, बहुतेक तेवढंच बघून मला शोधलेलं. पहिल्यांदा वैतागच आला, म्हटलं अरे बाबा मी तुला ओळखत नाही, पाळखत नाही, तू व्हर्नियर कसा धरतोस तेही मला माहीत नाही, मग मी एचआरला काय सांगू? फोन उलटा टाकला आणि चहा टाकला. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, कारण २०२० च्या जुलैमध्ये मी स्वतः अस्सेच मेसेज पाठवत होते. कॉपी पेस्ट, फक्त नाव बदलून. साठ तरी पाठवले असतील, त्यातल्या एका बाईंना तर "रिस्पेक्टेड सर" असं गेलं होतं.

तेव्हा लॉकडाऊनमध्ये आमच्या कंपनीने पंचवीसेक लोक कमी केले त्यात मी होते. तोपर्यंत नऊ वर्षं नोकरी झालेली, ड्रॉवरमध्ये व्हिजिटिंग कार्डांची चळत, कारण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या हॉटेलात सेमिनार, मग नेटवर्किंग डिनर, तिथे पनीर टिक्क्याची प्लेट डाव्या हातात आणि उजव्या हाताने कार्डं वाटायची. नोकरी गेल्यावर ती सगळी काढून बसले. त्रेचाळीस निघाली. त्यातल्या दोघांचे चेहरे आठवले. एकाला फोन केला तर तो म्हणाला "हां हां मॅडम, आपण भेटलोय ना", आणि त्याला मी अजिबात आठवत नाहीये हे मला त्या दोनदा "हां" म्हणण्यावरूनच कळलं.

नोकरी शेवटी लागली ती भोसरीच्या एका शेडवाल्या (छोट्या मशीन वर्कशॉपच्या) काकांमुळे. म्हणजे ज्यांचा लॉट, एका खेपेला आलेला माल, मी रिजेक्ट केला होता त्यांच्यामुळे. ही गोष्ट मी कधी नीट लिहून ठेवली नाही म्हणून आज लिहिते.

२०१८ ची गोष्ट. मी चाकणला इनकमिंग क्वालिटीला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला, होते आणि काकांकडून आमच्याकडे बुश (नळीसारखे गोल पार्ट) यायचे, बोअर म्हणजे आतलं भोक बारा एमएम, टॉलरन्स एच सेव्हन, म्हणजे वरची लिमिट १२.०१८. बाराशे नगांचा लॉट आला, सॅम्पल मोजले तर १२.०२०, १२.०२२ असं दिसायला लागलं. आमच्याकडची पद्धत अशी की रिजेक्शनचा मेल टाकायचा, गाडी परत पाठवायची, खर्च वेंडरच्या नावावर. काकांचा फोन आला, आवाज चढलेला, "ओ मॅडम, आमच्याकडे एकूण एक पीस बारा सतराच्या आत दाखवतोय, तुमचंच काहीतरी चुकतंय." मला राग आला पण म्हटलं मेलामेली करत बसण्यापेक्षा जाऊनच बघू. गुरुवार होता, भोसरीत सुट्टी आणि लाईटही नाही, तरी ते म्हणाले या. मी आमचा बोअर गेज (भोक मोजायचा) आणि आमची मास्टर रिंग (पक्क्या मापाची, जिच्यावर गेज झिरो करतात) पिशवीत घालून स्कूटीवर निघाले.

शेडमध्ये अंधार, आठ सीएनसी मशीन बंद, काका आणि एक ऑपरेटर टॉर्च घेऊन थांबलेले. त्यांचा गेज त्यांच्या रिंगवर झिरो केला, पीस मोजला, १२.०१७. बरोबर आला. मग तोच गेज आमच्या रिंगवर झिरो केला आणि तोच पीस मोजला तर १२.०२२. दोघेही गप्प झाले. त्यांची रिंग झिजून पाच मायक्रॉन (एमएमचे पाच हजारांश) मोठी झाली होती, म्हणजे त्यांचा शून्यच चुकीच्या जागी होता आणि त्यामुळे प्रत्येक पीस खऱ्यापेक्षा पाच मायक्रॉन लहान दिसत होता. माणसाने प्रामाणिकपणे मोजलं होतं, पण खोट्या रिंगवर.

लॉट मी सोडला नाही. हे मुद्दाम लिहिते कारण पुढे लोकांना वाटतं की मी तेव्हा काहीतरी उपकार केले. काही नाही केले. पण एकेक पीस मोजून सॉर्टिंग करायला परवानगी मिळवली, त्यात नऊशेच्या आसपास चांगले निघाले आणि तीनशे भंगारात गेले. आणि एट-डी रिपोर्टमध्ये (चूक कशामुळे झाली आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं याचा अहवाल) एक ओळ घातली की याच्या आधीचे दोन लॉटही याच रिंगवर मोजलेले असणार आणि ते आमच्या इनकमिंगने पास केलेत, तेव्हा आमचं सॅम्पलिंगही तपासायला हवं. त्या ओळीवरून मला केबिनमध्ये जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. वेंडरच्या रिपोर्टमध्ये स्वतःच्या कंपनीची चूक कोण लिहितं, असा एकंदर सूर. लिहिलं खरं. धैर्य वगैरे काही नव्हतं, मला आपलं ते तसंच सोडून दिलं तर झोप आली नसती एवढंच.

त्यानंतर काकांशी बोलणं वेगळंच व्हायला लागलं. आधी "मॅडम" होते, मग "ताई", मग एक दिवस "पोरी" झालं. (आमच्या धंद्यात बाईला शेडमध्ये पहिली दोन वर्षं कुणी प्रश्न विचारत नाही, मागे उभ्या असलेल्या पुरुषाला विचारतात, मग तो ट्रेनी का असेना. काका पण तसेच होते सुरुवातीला, उगाच त्यांना संत करायला नको.) फोन करून विचारायचे की हा ड्रॉइंगवरचा कॉन्सेंट्रिसिटीचा (आतलं-बाहेरचं वर्तुळ एकाच केंद्रावर असण्याचा) कॉलआउट कसा वाचायचा, मी विचारायचे की टर्निंगला, म्हणजे लेथच्या कामाला, हा फिनिश खरंच येतो का की डिझाइनवाल्यांनी आपलं उगाच टाकलंय. मला टर्निंगमधलं जे काही कळतं त्यातलं अर्धं त्यांच्याकडून कळलंय. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला की आवाज कसा बदलतो ते पुस्तकात नसतं.

दिवाळीला त्यांनी सुकामेव्याचा डबा पाठवला तो मी परत केला, कंपनीचा नियम आहे वेंडरकडून काही घ्यायचं नाही आणि तो नियम मला पटतोही. काका रुसले. पण त्याआधी खंडेनवमीला त्यांच्या शेडवर गेले होते, मशीनना झेंडूच्या माळा, चकवर हळदीकुंकू, ऑपरेटरच्या बायका पोरांसकट सगळे, तिथे खाली बसून सगळ्यांबरोबर प्रसादाचा शिरा दोनदा घेतला. डबा नको आणि शिरा चालतो, हे कसं, असं नवऱ्याने विचारलं होतं. मला नीट उत्तर देता आलं नाही, पण फरक आहे हे पक्कं माहीत आहे. डबा घरी एकटीला आला होता, शिरा सगळ्यांना होता.

तर २०२०. ऑगस्टमध्ये काकांचा फोन, "अगं तुझ्या जागी कोण तो नवीन आलाय, तू कुठंयस?" मी सांगितलं काय झालं ते. ते म्हणाले मला आधी का नाही सांगितलंस. काय सांगणार, मला कधी वाटलंच नव्हतं की ते मला नोकरी देणाऱ्यांच्या ओळखीचे असतील, माझ्या डोक्यात नोकरी म्हणजे साहेब लोक, सेमिनार, कार्डं. पण विचार केला तर शेडवाला माणूस पाच कंपन्यांना माल देतो, पाचही ठिकाणचे क्वालिटीवाले त्याला पुरते ओळखीचे असतात, कोण कसा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांनी रांजणगावच्या त्यांच्या एका कस्टमरकडे शब्द टाकला. काय बोलले ते मला नंतर तिथल्या मॅनेजरने सांगितलं. "ती माझा लॉट रिजेक्ट करून गेली, घ्या तिला." बास. नोव्हेंबरमध्ये जॉइन झाले. मुलाखत मात्र व्यवस्थित दीड तास झाली, त्यात काकांचा शब्द कामाला आला नाही, तिथे गेज आर अँड आर (तोच पीस परत मोजला किंवा दुसऱ्याने मोजला तर आकडा तोच येतो का, याची तपासणी) विचारलं, तेच.

आमच्या घरी वशिला हा शब्द शिवीसारखा वापरायचे. वशिल्याचं तट्टू व्हायचं नाही हे बाबांनी इतकं ठसवलेलं की ओळखीने काही मागणं म्हणजे लाचारी असं मी तिशी ओलांडेपर्यंत धरून बसले होते. पण वशिल्यात समोरच्याला तुझं काम बघायचंच नसतं, कुणाचा कोण एवढंच बघतात. शब्द टाकणारा माणूस स्वतःचं नाव गहाण ठेवतो, उद्या मी तिथे माती खाल्ली असती तर काकांच्या पुढच्या लॉटकडे लोकांनी वेगळ्या नजरेने बघितलं असतं. पहिले सहा महिने मी ह्याच टेन्शनमध्ये काम केलं.

मधे यावर थोडं वाचलं होतं. ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहे, त्याचा १९७३ चा पेपर. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये त्याने नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती भेटायचा. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी वारंवार भेट असलेले जेमतेम १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८. कारण सोपंय, रोजच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. मग २०२२ मध्ये लिंक्डइनच्या डेटावरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला, पाच वर्षं, दोन कोटींवर लोक, "तुम्ही यांना ओळखत असाल" ही यादी वेगवेगळ्या लोकांना मुद्दाम वेगवेगळी दाखवून बघितली. (आपल्याला न सांगता. मीही होते की काय त्यात कोण जाणे.) त्यातही कमी घसटीच्या ओळखी जास्त उपयोगी निघाल्या, पण अगदीच नावापुरत्या नाहीत, मधल्या. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे जिथे काम फारसं डिजिटल नाही तिथे उलटंच, तिथे घट्ट ओळखी चालतात. वाचून म्हटलं बरोबर, शेडमध्ये टॉर्च धरल्याशिवाय कसलं काय. पण काकांना कुठे बसवायचं ते कळत नाही. भेट वर्षातून तीनदा, म्हणजे टक्केवारीत "अधूनमधून". आणि तरी माझ्या कामाचं त्यांना जे माहीत होतं ते शेजारच्या टेबलवरच्याला नव्हतं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. डिप्लोमाचा एक मित्र, त्याचीही नोकरी त्याच उन्हाळ्यात गेली होती. माझं काम झाल्यावर डिसेंबरमध्ये त्याने मेसेज केला, बघ ना तुझ्याकडे काही आहे का. मी "नक्की बघते रे" लिहिलं, अंगठा पाठवला आणि विसरले. खरंच विसरले, नवीन जागा, रोज मोशीहून चाकण शिक्रापूर रोडने कंपनीच्या बसचे धक्के, रात्री जेवून आडवी. त्याने परत विचारलं नाही. आता तो एका मोठ्या ठिकाणी वेंडर डेव्हलपमेंटला आहे आणि मागच्या महिन्यात मला नेमकं तिथलंच एक काम अडलं होतं. नंबर काढला, चॅट उघडलं, वर तो अंगठा. फोन नाही केला. दुसऱ्या मार्गाने काम केलं, चार दिवस जास्त गेले. त्याला नुसतंच सॉरी म्हणायला फोन करावा असं तेव्हापासून डोक्यात आहे पण आता तो सॉरीही कामाचा वाटेल अशी भीती.

म्हणून आज संध्याकाळी काकांना फोन लावला, काहीच काम नसताना. उचलला तो "कुठला लॉट अडकलाय?" म्हणतच. म्हटलं कुठला नाही काका, सहज. "सहज कुणी करत नाही गं, बोल." दोनदा सांगितलं तेव्हा कुठे पटलं, मग वीस मिनिटं गुडघा, मुलगा शेड बघायला तयार नाही त्याला आयटीत जायचंय, दोन मशीन विकायला काढलीत, स्टीलचे भाव. मी फक्त हं हं करत होते. शेवटी म्हणाले गुरुवारी सुट्टी टाक आणि ये, मिसळ खाऊ, आणि येताना तुझी ती रिंग आण, माझी परत तपासून घेऊ. बघा, काम निघालंच.

सकाळच्या त्या मुलाला अजून उत्तर दिलं नाहीये. पीडीएफ मात्र उघडून बघितली, त्यात कम्युनिकेशन स्किल, टीम प्लेयर वगैरे सगळं आहे आणि कुठल्या मशीनवर काय काम केलं याची अर्धीच ओळ. उद्या बसमध्ये त्याला विचारते की शिफ्ट कधी सुटते, फोनवर बोलू दहा मिनिटं, काय मोजतोस ते सांग. रेफर वगैरे नंतरचं. आता झोपते, पाच चाळीसची बस आहे.