करंगळी आणि पलंगाचा पाय

पलंगाला पाय चार, मला दोन. पण रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलं, की गाठ पडते ती नेमकी माझ्या करंगळीशी. आपटल्याचं लगेच कळतं. खरा ठणका मात्र अजून सुरू झालेला नसतो. 'आता दुखणार' हे पक्कं ठाऊक असलेला तो क्षण मी ओठ घट्ट दाबून, एका पायावर काढतो.

हा उशीर खरा असतो. आपटल्याची वर्दी देणारे चेतातंतू जाड, वर मायलिनचं स्निग्ध वेष्टण. संदेश वेष्टणातल्या एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर उड्या घेत सेकंदाला 50 मीटरच्या आसपास पळतो. ठणका आणणारे तंतू बारीक आणि विनावेष्टणाचे. त्यांची चाल सेकंदाला जेमतेम मीटरभर. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच.

चेतातंतूतला संदेश विजेचा असतो. मला वाटायचं, वीज म्हटली की निमिषात पोचायला हवी. पण ही तारेतली वीज नव्हेच. स्वस्थ बसलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण भार असतो. चेतवल्यावर पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, जवळपास मिलिसेकंदभर आतली बाजू धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून घडी पुन्हा बसवतं. तोवर शेजारची दारं उघडलेली असतात. ओळीने उभ्या केलेल्या विटा एकीमागून एक पडाव्यात तसं. फक्त या विटा पडल्या की आपल्याआप उभ्या राहतात! आणि कितीही जोरात आपटा, लाट तेवढीच. बोंब वाढत नाही, भराभर मारली जाते.

हा वेग कधी मोजताच येणार नाही, असं जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर म्हणत. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, 1850 मध्ये बेडकाच्या तंतूत तो मोजला: सेकंदाला साधारण 27 मीटर. गुरूला असं उत्तर देणारा शिष्य मला आवडतो.

एव्हाना ठणका पोचलेला असतो. मी खाली बसून करंगळी चोळू लागतो. हे कुणी शिकवलेलं नाही, पण त्यात तथ्य आहे. चोळल्याचा स्पर्श त्या जाड, वेगवान तंतूंतून जातो आणि मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशाची वाट थोडी अडवतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हे दाराच्या उपमेने मांडलं.

दार अर्धवट लागतं. पाणी राहूनच जातं.